ॲस्बेस्टॉसचे काम सुटले, पण धास्ती सुटत नाही

प्रश्न : माझे वय ५६ आहे. १९९० ते २००९ या काळात मी एका रासायनिक कारखान्याच्या देखभाल विभागात आधी हेल्पर आणि नंतर फिटर म्हणून काम केले. बॉयलरवरचे आणि वाफेच्या लाइनींवरचे जुने लॅगिंग, म्हणजे ॲस्बेस्टॉसचे उष्णतारोधक आवरण, फोडणे, नवे चढवणे, नळ्यांच्या जोडावरच्या फ्लँजमधली गॅस्केट, म्हणजे गळती रोखणाऱ्या चकत्या, खरवडून काढणे आणि व्हॉल्व्हमध्ये पॅकिंगची दोरी भरणे ही माझी रोजची कामे होती. तोंडाला रुमाल बांधण्यापलीकडे आम्हाला तेव्हा काही माहीत नव्हते. गेल्या महिन्यात माझ्याबरोबर काम केलेल्या एका सहकाऱ्याला मेसोथेलिओमा हा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. अलीकडे मला जिना चढताना दम लागतो. छातीचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला. मी २५ वर्षांपासून सिगारेट ओढतो. कामाचे कपडे पत्नी घरीच धूत असे. मुलगा आता त्याच कारखान्यात कंत्राटदाराकडे फिटर आहे. तिथले सुपरवायझर त्याला सांगतात की आता फक्त पांढरे ॲस्बेस्टॉस उरले आहे आणि त्याने काही होत नाही. घरात माळ्यावर कारखान्यातून आणलेला ॲस्बेस्टॉसच्या कापडाचा तुकडा आणि दोरीचे वेटोळे अजून पडून आहे. मी कोणत्या तपासण्या कराव्यात? पत्नीला आणि मुलाला काय सांगावे? आणि फुप्फुसातले हे तंतू काढून टाकणारे काही औषध आहे का?

उत्तर : औषधाचा प्रश्न आपण सर्वांत शेवटी विचारला आहे, मी सुरुवात त्याच्यापासून करतो, कारण त्याचे उत्तर थोडक्यात देता येते आणि त्यापायी आपले पैसे वाया जाऊ नयेत असे मला मनापासून वाटते. फुप्फुसात रुतलेले ॲस्बेस्टॉसचे तंतू बाहेर काढणारे कोणतेही औषध, आहार, व्यायाम किंवा वाफारा आज उपलब्ध नाही, आणि तसा दावा करणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नये. याचे कारण तंतूंच्या आकारात आणि चिवटपणात आहे. धोकादायक मानला जाणारा तंतू ५ मायक्रोमीटरपेक्षा लांब आणि ३ मायक्रोमीटरपेक्षा बारीक असतो. जाड धूळ नाकात आणि श्वासनलिकेत अडकते, खोकल्यावाटे बाहेरही पडते. हा तंतू मात्र हवेच्या प्रवाहाबरोबर लांबीने सरळ होऊन थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतो. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी त्याला गिळू पाहतात, परंतु लांब तंतू एका पेशीत मावत नाही. पेशी अर्धवट गिळलेल्या अवस्थेतच मरते आणि तिच्यातून बाहेर पडलेली रसायने आसपासच्या भागात दाह निर्माण करतात. दुसरी पेशी येते, तिचेही तेच होते. वर्षानुवर्षे हे चालू राहिल्यामुळे काही ठिकाणी फुप्फुसाची जाळी कडक होते, तर काही ठिकाणी पेशींच्या जनुकांमध्ये बिघाड साचत जातो. काही तंतू फुप्फुस ओलांडून त्याच्या बाहेरच्या आवरणात, म्हणजे प्ल्यूरात, जाऊन बसतात.

म्हणूनच एकाच धुळीतून वेगवेगळे आजार उद्भवतात आणि ते एकमेकांपासून वेगळे ओळखणे आपल्या मनःशांतीसाठीही आवश्यक आहे. प्ल्यूरावर जाड, पांढरे चट्टे येतात, त्यांना प्लाक म्हणतात; ते कर्करोग नव्हेत आणि त्यांचा पुढे कर्करोगही होत नाही, ते केवळ पूर्वी झालेल्या संपर्काची खूण असतात. ॲस्बेस्टॉसिस म्हणजे फुप्फुसाच्या आतल्या भागाचा, विशेषतः तळाकडच्या भागाचा कडकपणा. तो मोठ्या प्रमाणातील संपर्कानंतर होतो आणि काम थांबल्यावरही वाढू शकतो. फुप्फुसाचा कर्करोग हा तिसरा आणि आपल्या सहकाऱ्याला झालेला मेसोथेलिओमा, म्हणजे प्ल्यूराचा किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग, हा चौथा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने यांच्या जोडीला स्वरयंत्राचा आणि स्त्रियांमध्ये अंडाशयाचा कर्करोगही ॲस्बेस्टॉसमुळे होतो असा निष्कर्ष काढला आहे. कामाच्या ठिकाणी झालेल्या या संपर्कामुळे जगभरात दरवर्षी २ लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

हे सर्व आजार फार उशिरा दिसतात. ॲस्बेस्टॉसिसला साधारणपणे १० ते २० वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि मेसोथेलिओमा बहुधा पहिल्या संपर्कानंतर ३० ते ४० वर्षांनी प्रकट होतो. आपला पहिला संपर्क १९९० सालचा आहे, म्हणजे ज्या काळात लक्ष ठेवायला हवे त्याच काळात आपण आज आहात. काम सुटून पुष्कळ वर्षे झाली, आता काय व्हायचे ते होऊन गेले, असे पुष्कळ निवृत्त कामगार म्हणतात. या आजारांच्या बाबतीत तो हिशेब चुकीचा ठरतो.

आता आपल्या भीतीबद्दल. सहकाऱ्याचे निदान ऐकून आपणही त्याच वाटेवर आहोत असे आपल्याला वाटते आहे, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही जे ठाऊक आहे ते आकड्यांत पाहू. अमेरिका आणि कॅनडातील १७,८०० इन्सुलेशन कामगारांचा पाठपुरावा डॉ. आयर्विंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ पासून पुढे २० वर्षे केला. हे कामगार म्हणजे आपल्यासारखेच लॅगिंगमध्ये हात घातलेले, किंबहुना अधिक दाट धुळीत राबलेले लोक होते. त्या काळात झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ९ टक्के मृत्यू मेसोथेलिओमाने झाले. सर्वसाधारण लोकसंख्येत जवळजवळ न आढळणाऱ्या आजारासाठी हे प्रमाण भयानक आहे यात शंका नाही; पण त्याचा अर्थ असाही होतो की इतक्या धुळीत काम केलेल्यांपैकीही बहुसंख्यांना तो झाला नाही. त्याच पाहणीत फुप्फुसाच्या कर्करोगाने मात्र त्याच्या दुपटीहून अधिक माणसे दगावली. आपल्याला मेसोथेलिओमाची धास्ती बसली आहे, पण आपल्यासारख्या धूम्रपान करणाऱ्या माणसासाठी अधिक संभाव्य धोका फुप्फुसाच्या कर्करोगाचा आहे, आणि नेमका तोच धोका कमी करणे आपल्या हातात आहे.

कारण ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की धोक्याची केवळ बेरीज होत नाही. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की या दोहोंपासून दूर असलेल्या माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका १ धरला, तर ॲस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्या पण धूम्रपान न करणाऱ्याचा सुमारे ५ पट, केवळ धूम्रपान करणाऱ्याचा सुमारे ११ पट आणि दोन्ही असलेल्याचा ५० पटींहून अधिक होता. याच इन्सुलेशन कामगारांवरील २०१३ मधील पाहणीने दुसरी बाजूही दाखवली : सिगारेट सोडल्यानंतर १० वर्षांच्या आत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. फुप्फुसातला तंतू काढता येत नाही, पण त्याचा साथीदार काढता येतो. मेसोथेलिओमावर सिगारेटचा परिणाम होत नाही, त्यामुळे ती सोडल्याने तो धोका घटणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपण २५ वर्षांची सवय केवळ निर्धाराने सोडू पाहू नये. निकोटिनच्या चकत्या किंवा च्युइंगम, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे आणि नियमित समुपदेशन यांच्या मदतीने यश मिळण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. माझ्या या संपूर्ण उत्तरातील एकच गोष्ट आपण या आठवड्यात करणार असाल, तर ती ही असावी.

दम लागण्याकडे वळतो. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून आपण निर्धास्त होऊ नये आणि दम लागतो म्हणून ॲस्बेस्टॉसिस झालाच आहे असेही गृहीत धरू नये. सुरुवातीच्या अवस्थेतला ॲस्बेस्टॉसिस आणि लहान प्लाक साध्या एक्स-रेवर सुटून जाऊ शकतात; फुप्फुसाचे अधिक बारकाईने चित्र देणारा एचआरसीटी स्कॅन ते दाखवतो. दुसरीकडे, दीर्घकाळ सिगारेट ओढणाऱ्याला श्वासनलिकांच्या आकुंचनामुळे दम लागतो, हृदयाच्या आजारामुळेही लागतो आणि रक्तातले हिमोग्लोबिन कमी झाले तरी लागतो. म्हणून आपण छातीविकारतज्ज्ञांकडे जावे, आणि शक्य असेल तर व्यवसायजन्य आजारांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडे. ते स्टेथोस्कोप पाठीच्या खालच्या भागावर ठेवून दीर्घ श्वास घ्यायला सांगतील, कारण ॲस्बेस्टॉसिसमध्ये श्वास आत घेण्याच्या अखेरीस तिथे बारीक चरचर ऐकू येते. बोटांची टोके फुगली आहेत का, नखे वाकली आहेत का हेही पाहतील. त्यानंतर स्पायरोमेट्री आणि डीएलसीओ या दोन चाचण्या करून घ्याव्यात. पहिलीत फुप्फुसात किती हवा मावते आणि ती किती वेगाने बाहेर येते ते कळते. दुसरीत वायुकोशांतून रक्तात वायू किती सहज जातो ते मोजले जाते, आणि ॲस्बेस्टॉसिसमध्ये ही दुसरी चाचणी पुष्कळदा आधी बिघडते. कारखान्यातील वार्षिक तपासणीत बहुधा पहिलीच होते, म्हणून दुसरीची आठवण आपण स्वतः करून द्यावी. आज काही आढळले नाही, तरी हे अहवाल जपून ठेवावेत; पुढे दर ३ ते ५ वर्षांनी होणाऱ्या तपासण्यांची तुलना त्यांच्याशीच करायची असते. आपले वय, धूम्रपान आणि संपर्क हे तिन्ही लक्षात घेता, कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने फुप्फुसाच्या कर्करोगाची नियतकालिक चाचणी आपल्याला लागू होते का, हा प्रश्न डॉक्टरांना मुद्दाम विचारावा. मेसोथेलिओमा लवकर पकडणारी भरवशाची रक्तचाचणी मात्र आज नाही. तशी जाहिरात दिसली तर ती सोडून द्यावी.

छातीच्या एकाच बाजूला टिकून राहणारे दुखणे, वाढत जाणारी धाप, थुंकीतून रक्त, तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला किंवा घोगरेपणा, किंवा कारण नसताना घटणारे वजन, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. एका बाजूच्या छातीत पाणी झाले असे कोणी सांगितले, तर ते काढून मोकळे होण्यावर समाधान न मानता, त्याचे कारण शोधण्याचा आग्रह धरावा आणि आपल्या पूर्वीच्या कामाची माहिती त्याच वेळी द्यावी. ॲस्बेस्टॉसिस निघालाच, तर तो बरा करणारे औषध नाही. पण फ्लू आणि न्यूमोकोकल न्यूमोनियाच्या लसी, श्वसनाचे पुनर्वसन, गरज पडल्यास ऑक्सिजन आणि काही रुग्णांमध्ये कडकपणाची गती मंदावणारी औषधे यांनी आयुष्य पुष्कळ सुसह्य होते.

पत्नीविषयी लिहिताना आपल्या शब्दांत अपराधीपणाची छटा मला जाणवली. आम्हाला काही माहीत नव्हते असे आपण म्हणता, आणि ते खरेच आहे. पण ज्यांना माहीत असायला हवे होते त्यांच्यासाठी ही माहिती कित्येक दशके उघड होती. इंग्लंडमध्ये रॉचडेल येथील ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगार नेली केरशॉ यांचा मृत्यू १९२४ मध्ये झाला आणि त्यांच्या फुप्फुसांची तपासणी करणाऱ्या डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयी लिहिले. १९३० मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारसाठी ३६३ कामगार तपासले, तेव्हा सुमारे एक चतुर्थांश कामगारांची फुप्फुसे कडक झालेली आढळली आणि पुढच्याच वर्षी तिथे धूळ आवरण्याचे नियम आले. रिचर्ड डॉल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ मध्ये दाखवला, वॅगनर यांनी दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या परिसरातले मेसोथेलिओमाचे रुग्ण १९६० मध्ये जगासमोर आणले, आणि १९६५ मध्ये लंडनमधील अभ्यासात असे रुग्ण सापडले ज्यांनी स्वतः कारखान्यात कधी पाऊल ठेवले नव्हते, ज्यांच्या घरचा माणूस मात्र तिथे कामाला होता. त्यांत कामाचे कपडे धुणाऱ्या बायका होत्या. आपण १९९० मध्ये कामाला लागलात तेव्हा या शेवटच्या अभ्यासाला २५ वर्षे झाली होती. कामाचे कपडे कामगाराला घरी नेऊ देऊ नयेत आणि ते धुण्याची जबाबदारी मालकाची असावी, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८६ च्या ॲस्बेस्टॉसविषयक कराराने, म्हणजे करार क्रमांक १६२ ने, स्पष्टपणे म्हटले आहे. तेव्हा कपडे घरी आणल्याचा दोष आपण स्वतःकडे घेऊ नये.

पत्नीचा धोका आपल्यापेक्षा कमी आहे, परंतु तो शून्य नाही. कोरडे कपडे झटकताना आणि खिसे उलटे करताना उडणारी धूळ त्यांनी श्वासावाटे घेतली असणार. त्यांना लक्षणे नसतील तर सरसकट स्कॅन करत सुटण्याची गरज नाही, कारण त्यातून किरणोत्सर्ग आणि विनाकारण चिंता यांखेरीज फारसे हाती लागत नाही. मात्र पती अमुक वर्षे ॲस्बेस्टॉसच्या कामात होते आणि त्यांचे कपडे मी घरी धूत असे, हे वाक्य त्यांच्या वैद्यकीय कागदांत लिहिलेले असावे. त्यांच्या बाबतीत दम लागणे, छातीत पाणी होणे किंवा पोट फुगत जाणे अशा तक्रारी आल्या तर डॉक्टरांना योग्य दिशा त्या एका वाक्यावरून मिळेल.

माळ्यावरच्या वस्तूंना सध्या हात लावू नये. ॲस्बेस्टॉस जागच्या जागी पडून असते तेव्हा धोका नगण्य असतो. ते झटकल्यावर, फाडल्यावर किंवा झाडल्यावर धोका निर्माण होतो, आणि जुने विणलेले कापड व दोरी घडी उलगडताच तंतू सोडतात. स्थानिक प्रशासनाकडे किंवा घातक कचऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्या यंत्रणेकडे आधी चौकशी करावी आणि शक्यतो ते काम प्रशिक्षित माणसांकडून करून घ्यावे. ते शक्यच नसेल, तर थेंबभर द्रव साबण घातलेल्या पाण्याचा बारीक फवारा मारून ते पूर्ण भिजवावे, न हलवता जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती दुसऱ्या पिशवीत बंद करावी, वर आत काय आहे ते लिहावे आणि जागा ओल्या फडक्याने पुसून तेही फडके पिशवीतच टाकावे. झाडू किंवा घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण इतके बारीक तंतू साध्या गाळणीतून आरपार जाऊन खोलीभर पसरतात.

आपल्या मुलाविषयी मला सर्वाधिक काळजी वाटते, कारण आपला संपर्क थांबलेला आहे आणि त्याचा आज, या क्षणी चालू आहे. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसने काही होत नाही हे सुपरवायझरचे म्हणणे चूक आहे. पांढरे, म्हणजे क्रायसोटाइल, हे निळ्या आणि तपकिरी प्रकारांपेक्षा शरीरातून लवकर निघून जाते आणि मेसोथेलिओमाचा धोका त्याच्या बाबतीत तुलनेने कमी आहे, एवढा भाग खरा आहे. परंतु आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार, पांढऱ्यासह, माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत, आणि आजवर जगात वापरले गेलेले बहुतेक सगळे ॲस्बेस्टॉस पांढरेच होते. नियंत्रित वापर सुरक्षित असतो हा युक्तिवाद घेऊन कॅनडा फ्रान्समधील बंदीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेला होता आणि २००१ मध्ये तिथे हरला. पुढे २०१८ मध्ये खुद्द कॅनडानेच बंदी घातली. युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे आणि अमेरिकेने क्रायसोटाइलवरील बंदीचा नियम २०२४ मध्ये जाहीर केला. शिवाय एखादे जुने लॅगिंग पांढऱ्याचे आहे की तपकिरीचे हे डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. अहवाल हातात येईपर्यंत प्रत्येक जुने लॅगिंग आणि प्रत्येक जुने गॅस्केट ॲस्बेस्टॉसचेच आहे असे धरून काम करावे.

कामाच्या जागी हवेतील तंतूंसाठी ठरवून दिलेल्या मर्यादेविषयीही त्याला एक हिशेब सांगावा. अमेरिकेत ८ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा १ घन सेंटीमीटर हवेत ०.१ तंतू इतकी आहे. काम करणारा माणूस एका पाळीत साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे मर्यादा तंतोतंत पाळली गेली तरी एका दिवसात सुमारे १० लाख तंतू श्वासावाटे आत जाऊ शकतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये ही मर्यादा दहापट खाली, ०.०१ वर आणण्याचा निर्णय घेतला तो उगाच नाही. ज्या पातळीच्या खाली कर्करोगाचा धोकाच नाही अशी पातळी कोणालाही दाखवता आलेली नाही, त्यामुळे मर्यादेच्या आत आहोत एवढ्यावर थांबणे पुरेसे ठरत नाही.

गॅस्केटचेच उदाहरण घेऊ, कारण ते काम आपण दोघेही जाणता. बोल्ट सोडून फ्लँजची तोंडे वेगळी केली की जुने गॅस्केट एका तोंडाला भाजून घट्ट चिकटलेले असते. शटडाऊनची, म्हणजे देखभालीसाठी प्लांट बंद ठेवलेल्या काळातली, घाई असते, वरून हाका चालू असतात, आणि फिटर अँगल ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून अर्ध्या मिनिटात धातू चकचकीत करतो. त्या अर्ध्या मिनिटात घट्ट दाबून बसवलेले तंतू मोकळे होऊन त्याच्या तोंडासमोर तरंगू लागतात. मग तो हवेची नळी घेऊन फ्लँज आणि त्याबरोबर आपले कपडेही साफ करतो, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला हेल्पर, ज्याने गॅस्केटला हातही लावलेला नाही, तो तितकीच धूळ घेतो. हेच काम करण्याची योग्य रीत संथ आहे : लाइन थंड आणि पूर्णपणे वेगळी केलेली असावी, खाली प्लॅस्टिक अंथरावे, गॅस्केटवर साबणपाण्याचा फवारा मारून ते मुरेपर्यंत थांबावे, हाताच्या पातीने ओले असतानाच खरवडावे, पुन्हा फवारा मारावा, तोंड ओल्या फडक्याने पुसावे आणि तुकडे, फडके व प्लॅस्टिक सगळे लेबल लावलेल्या दुहेरी पिशवीत बंद करावे. ग्राइंडर, कोरडा झाडू आणि दाबाची हवा या तीन गोष्टी तिथून हद्दपार असाव्यात. सफाईसाठी हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारी, गाळणी असलेला औद्योगिक व्हॅक्यूम लागतो. मोठ्या प्रमाणावर लॅगिंग उतरवण्याचे काम तर फिटरने करायचेच नसते. ते बंदिस्त कक्ष उभारून, आतली हवा बाहेर फुटणार नाही अशी व्यवस्था करून, प्रशिक्षित पथकाने करायचे काम आहे.

रुमाल आणि कागदी धूळ-मास्क यांचा काही उपयोग नाही. पी-१०० किंवा पी-३ दर्जाची गाळणी असलेला मास्क लागतो, आणि तोही चेहऱ्यावर नीट बसतो का याची चाचणी घेऊनच. दाढी वाढलेली असेल तर कडांमधून हवा गळते आणि महागडा मास्कही निकामी ठरतो. तरीही मास्क हा शेवटचा उपाय आहे, धूळ उडूच न देणे हा पहिला. मुलाने कपडे कारखान्यातच बदलावेत, तिथेच आंघोळ करावी आणि कामाचे बूट गाडीतही आणू नयेत. कंत्राटी कामगाराला हे सारे एकट्याने मागणे किती अवघड असते याची मला कल्पना आहे. म्हणून मागणी लेखी असावी, शक्यतो चार-पाच जणांच्या किंवा संघटनेच्या सहीने असावी, आणि तिची सुरुवात साध्या प्रश्नाने करावी : आम्ही ज्या लाइनवर काम करतो त्यावरच्या लॅगिंगचा आणि गॅस्केटचा तपासणी अहवाल आम्हाला दाखवावा. अहवाल असेल तर पुढचे बोलणे सोपे होते, आणि नसेल तर तो नसल्याची लेखी नोंद होते.

आता अशी एक गोष्ट सांगतो जी आपण विचारलेली नाही, पण जिला मी कोणत्याही स्कॅनइतकेच महत्त्व देतो. आपल्या कामाचा इतिहास आपण स्वतःच्या हाताने लिहून काढावा, आणि तो लगेच लिहावा. ॲस्बेस्टॉसिसचे निदान केवळ चित्रावरून होत नाही. कारण न कळलेला फुप्फुसाचा कडकपणा स्कॅनवर हुबेहूब तसाच दिसू शकतो, आणि रुग्णाने कुठे काम केले हे डॉक्टरांना माहीत नसेल तर कागदावर कारण अज्ञात असे लिहिले जाते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत तर हे आणखी सहज घडते : रुग्ण सिगारेट ओढणारा असला की कारण सापडले असे मानून कामाची चौकशी तिथेच थांबते. १९९७ मध्ये हेलसिंकी येथे तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार लॅगिंग, उत्पादन किंवा पाडकाम यांसारख्या मोठ्या संपर्काचे १ वर्ष किंवा मध्यम संपर्काची ५ ते १० वर्षे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दुप्पट करण्यास पुरेशी ठरू शकतात, आणि हवेच्या मोजणीचे आकडे उपलब्ध नसतील तेव्हा कामाच्या तपशीलवार इतिहासावरच निर्णय घ्यावा लागतो.

म्हणून कारखान्यात एकोणीस वर्षे नोकरी अशा एका ओळीवर भागवू नये. कोणत्या साली कोणत्या प्लांटमध्ये होतो, लॅगिंग फोडण्याचे काम महिन्यातून किती दिवस असे, शटडाऊन किती काळ चाले, पिशवीतली कोरडी पूड बादलीत कालवून लेप कोण तयार करी, पिशवीवर कोणते नाव छापलेले असे, पंखा किंवा शोषण-यंत्रणा होती का, मास्क दिला होता का, कपडे कुठे धुतले जात आणि आपल्या शेजारी कोण कोण काम करत असे, हे सारे आठवेल तसे लिहावे. नेमणूकपत्र, वेतनपावत्या, ओळखपत्र, अनुभवपत्र, वार्षिक तपासणीचे अहवाल आणि जुनी छायाचित्रे यांच्या प्रती त्याच्याबरोबर ठेवाव्यात. कारखान्याकडे हवेच्या धुळीच्या मोजणीच्या आणि आपल्या वैद्यकीय तपासणीच्या नोंदी लेखी अर्ज करून मागाव्यात. या नोंदी ठेवणे आणि कामगारांना पाहू देणे याची तरतूद वर उल्लेखलेल्या करारात आहे, आणि संपर्कात येऊन गेलेल्या कामगारांच्याही आवश्यक वैद्यकीय तपासण्या त्यांच्याकडून पैसे न घेता व्हाव्यात असे तो म्हणतो. प्रत्यक्ष कायदा ठिकाणानुसार बदलतो, पण अर्ज करण्याला कुठेच मनाई नाही. मी हे घाईने का सांगतो, तर कारखाने बंद पडतात, मालकी बदलते, दफ्तरे रद्दीत जातात आणि ज्यांची साक्ष उपयोगी पडली असती अशी माणसे राहत नाहीत.

आपल्या आजारी सहकाऱ्याला भेटायला जाल तेव्हा, त्यांची तब्येत आणि इच्छा असेल तर, त्यांच्याबरोबर बसून दोघांचा हा इतिहास एकत्र लिहावा आणि एकमेकांच्या निवेदनावर साक्षीदार म्हणून सही करावी. त्यांच्या दाव्यात आज आपला उपयोग होईल. नुकसानभरपाईचा दावा करण्याची मुदत अनेक ठिकाणी आजाराचे निदान झाल्याच्या किंवा त्याचा कामाशी संबंध कळल्याच्या तारखेपासून मोजली जाते आणि ती बऱ्याचदा थोडी असते. त्यामुळे त्यांच्या कुटुंबीयांनी कामगारविषयक कायद्याच्या जाणकार वकिलाला किंवा संघटनेला याच महिन्यात गाठावे, आणि बायोप्सीचा अहवाल व पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतील नमुन्याचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेले तुकडे, नष्ट करू नयेत अशी लेखी विनंती रुग्णालयाला करून तिची पोच घ्यावी.